ही प्लास्टरमध्ये, मशीनवर मी: खाली दोऱ्याचं घरटं होतंय

घरबसला_शिंपी, इंदूर

मंडळी, नमस्कार. वय ६४, विमा कंपनीतून निवृत्त, मुक्काम सुदामानगर. आयुष्यात शर्टाच्या बटणापलीकडे काही शिवलेलं नाही, आणि ते बटणही दोनदा निघालं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी ऐन पावसात ही मागच्या अंगणात शेवाळावरून घसरली. उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर. त्याआधीच क्लॉथ मार्केटमधून पडद्यांचं कापड येऊन पडलं होतं, ११ मीटर, कारण गणपतीच्या आत हॉलच्या दोन्ही दारांचे मिळून चार पडदे व्हायचे असं ठरलं होतं. शिवाय हिच्या भाचीची एक महेश्वरी साडी, "मावशी फॉल लावून देईल" म्हणून आमच्याकडे मुक्कामाला आलेली. भाची ती खास महेश्वरला जाऊन घेऊन आली, आमच्यापासून ९० किलोमीटर, त्यामुळे साडीचं कौतुक साडीपेक्षा मोठं. कोपऱ्यावरच्या शिंपीदादांना विचारलं तर त्यांनी मान वर न करता "दिवाळीनंतर या" म्हटलं.

मी म्हणालो, त्यात काय, मी शिवतो. हे मी चहा पिता पिता बोललो होतो, याची नोंद घ्यावी.

मशीन म्हणजे सासऱ्यांनी लग्नात दिलेली काळी पायमशीन. सोनेरी वेलबुट्टी निम्मी पुसलेली, पण चाक फिरवलं की लोण्यासारखं फिरतं. ही पलंगावरून सूचना देते. "अहो, दोरा बघा ना." बघतोय. "तसा नाही, हाताला कळतो तसा." आता हाताला कसा कळतो? चाळीस वर्षं शिवणाऱ्या बाईला सगळं हाताने येतं, तोंडाने सांगता येत नाही. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, तिच्या डाव्या हातात दिली तर न बघता खट्कन बसवते. कशी बसवलीस विचारलं की म्हणते, "अशीच."

तर अडचणी अशा:

वरून शिलाई बरी दिसते, खालून मात्र चिमणीचं घरटं. मी बॉबिन केसवरचा तो तिळाएवढा स्क्रू घट्ट केला. घरटं तसंच. अजून घट्ट केला. आता घरट्यात अंडी घालायचीच बाकी आहेत.

दर तिसऱ्या वेळी मशीन उलटी फिरते आणि दोरा तुटतो. मग सुई ओवायला दहा मिनिटं. चष्मा लावला तर लांबचं दिसतं, काढला तर जवळचं, आणि सुईचं भोक नेमकं दोन्हींच्या मध्ये कुठेतरी.

एक पडदा कसाबसा झाला. कडेने अशा लाटा आल्यात की समोरचे जोशी विचारून गेले, "डिझाइन आहे का?"

आणि साडी. तिचा काठ दोन्हीकडून सारखाच दिसतो. उलटी बाजू कोणती? मी अंदाजाने एका बाजूला फॉलला पिना लावून ठेवल्यात. शिवायला हात धजावत नाही.

मोबाईलवर "पाच मिनिटांत शिका" छापाचे व्हिडिओ खूप बघितले. त्या बाईंची मशीन विजेवर चालते, आणि त्यांच्या पाच मिनिटांत सुई ओवणं धरलेलं नाही. मला युक्त्या सांगा, पण कशासाठी काय ते कळेल अशा. आणि कृपा करून "मॅडमना विचारा" असं लिहू नका.

बाहीवाली

काका, आधी त्या स्क्रूवरचा हात काढा. पुढचं मग वाचा.

मी घरी शिकवणी घेते, आणि नव्या मुलींपैकी दहात नऊ जणी हेच करतात. गुंता खाली दिसतो म्हणून खालचा स्क्रू पिळतात. खाली दिसणारे फासे वरच्या दोऱ्याचे असतात. खोटं वाटत असेल तर वर लाल आणि बॉबिनला पांढरा दोरा लावून एक रेघ शिवा, मग उलटून बघा घरटं कोणत्या रंगाचं आहे ते.

वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मधून जातो. त्या चकत्यांनी तो चिमटीत धरला पाहिजे. मशीनचं फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असलं की चकत्या मिटलेल्या असतात, मग दोरा आत न शिरता वरच्यावर बसतो, कोणी धरत नाही, मोकाट सुटतो आणि खाली जमतो. तुम्ही फूट खाली ठेवूनच ओवत असणार, लावते पैज. फूट वर करा, मग ओवा. नंतर परीक्षा: फूट वर असताना दोरा ओढला की सुळकन यायला हवा, फूट खाली केल्यावर ओढला की सुई वाकेल इतका अडायला हवा. दोन्ही वेळा सारखाच येत असेल तर परत ओवा. वर-खाली नाचणारी जी कडी आहे, तिच्यातून दोरा सुटला असला तरीही असंच घरटं होतं, तिथेही नजर टाका.

शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं फुटाच्या खालून मागे घ्या आणि पहिले तीन-चार टाके बोटांनी धरून ठेवा. सुई चाकाने कापडात उतरवा, मग पाय चालवा. ही एवढी सवय लागली की सुरुवातीचा गोळा कायमचा जातो.

सुई बदललीत का? बदलताना पूर्ण वरपर्यंत सारून मग स्क्रू आवळायचा. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, नखाने चाचपली की लागते. तिच्या विरुद्ध अंगाला वरचा दांडा चपटा असतो. दोरा खाचेकडून आत आणि चपट्या अंगाकडून बाहेर. मशीन कुठल्याही घराण्याची असो, हे बदलत नाही. नंबरही बघा: पातळ सुती आणि रेशमी कापडाला ११, रोजच्या सुतीला १४, पडद्यांना १६. आणि सुई अमर नसते हो. सात-आठ तास शिवलं की तिचं टोक जातं, मग ती कापडाला भोसकते आणि टाके सुटतात. मुली मशीनला शिव्या देतात, दोन रुपयांची सुई बदलत नाहीत.

आता स्क्रू. बॉबिन भरलेली केस दोऱ्याने लोंबकळत धरा आणि मनगटाला हलका झटका द्या. केस दोन-तीन सेंटीमीटर खाली सरकून थांबली तर बरोबर. सरसर जमिनीकडे निघाली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. तुमची हलणार नाही. उलटा फिरवा, पण एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढाच, आणि खाली ताट ठेवून. तो स्क्रू एकदा फरशीवर पडला की गेला. इथून पुढे हात लावण्याआधी स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या, समोरासमोर. कितीही पिळला तरी परतीची वाट सापडते.

पायांचं: दोरा काढून टाका, जुनी सुई लावा आणि रेघांच्या वहीचा कागद शिवा, रेघेवरून. उजव्या हाताने चाक आपल्याकडे ओढून सुरुवात द्यायची, पाय फक्त त्याच्या मागे जातो. पायाने सुरुवात केलीत की मशीन तिला हवं तिकडे जाते. दोन दिवस रोज दहा पानं. हसू नका, मीही अशीच शिकले.

घरबसला_शिंपी, इंदूर

पैज तुम्ही जिंकलात. फूट खालीच होतं. वर करून ओवला आणि लाल-पांढऱ्याचा प्रयोगही केला. घरटं लाल होतं. आता नाही. मी शिवलेली सहा इंचांची सरळ रेघ ही तीन मिनिटं बघत होती.

पण खरी गंमत पुढे आहे. हिची जुनी नेलपॉलिशची बाटली शोधली, भिंग घेतलं, ठिपका द्यायला केस उजेडात धरली, तर स्क्रूच्या डोक्यावर आधीच एक मरून कण. पत्र्यावर दुसरा. इतका पुसट की काळवंडलेल्या तेलाचा डाग वाटावा. दोघांमध्ये जवळजवळ अर्ध्या फेऱ्याचं अंतर, म्हणजे माझा पराक्रम. ताटावर धरून हळूहळू उलटा फिरवला, कण समोरासमोर आणले, केस लोंबकळवली, झटका दिला. दोन बोटं सरकली आणि थांबली.

हिला दाखवलं. म्हणाली, "तो माझाच. तुमच्या बहिणीने एकदा स्क्रू फिरवून ठेवला होता, तेव्हा लावला."

मग मला सांगितलं का नाहीस?

"तुम्ही मशीन का बिघडली विचारत होतात. स्क्रू कुठे होता असं कुठे विचारलंत?"

संचावाली_बडोदा

काका, नाव बघून गोंधळू नका. आमच्याकडे बडोद्यात शेजारीपाजारी सगळे शिवणमशीनला संचोच म्हणतात, माहेरची मशीन इकडे येऊन संचा झाली.

पडद्यांचं मी सांगते. लाटा दोन कारणांनी येतात. तुम्ही कापडाची कड, ती घट्ट विणलेली पट्टी असते ती, तशीच ठेवून दुमडली असणार. ती कड बाकीच्या कापडापेक्षा जास्त आटते आणि कापडाला गोळा करते. कापून टाका. जीव होत नसेल तर दर चार बोटांवर तिरपी कात्री मारा. दुसरं कारण म्हणजे ओढणं. पडद्याचं ओझं मशीनच्या डावीकडून खाली लोंबतं, ते सुईला खेचतं, तुम्ही पुढून खेचता, आणि दोघांच्या भांडणात टाका वाकडा. डाव्या हाताला मशीनच्या उंचीचं स्टूल ठेवा, त्यावर कापडाची वळकटी. हाताने फक्त वाट दाखवायची, ओढायचं काम खालच्या दात्यांचं. टाका मोठा ठेवा, चार मिलिमीटरच्या आसपास. जाड कापडावर बारीक टाका चुण्या पाडतो.

कापड भिजवलं होतं का? सुती असेल तर मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज आटतं. दार सात फुटी धरू, म्हणजे २१३ सेंटीमीटर. खाली चार इंचांची दुहेरी दुमड म्हणजे २०, वर दांडीच्या बोगद्याला १५. झाले २४८. तुमच्याकडे एका पडद्याला २७५ येतात, म्हणजे आटायला भरपूर जागा आहे. उरलेले तीन न कापता रात्रभर भिजवा, ओलसर असतानाच इस्त्री करा, मग कापा.

आणि कापताना खडूच्या रेघेवर विसंबू नका. काठाला छोटी चीर द्या, आडवा एक धागा चिमटीत धरून हळू ओढा. तो निघून गेल्यावर कापडात एक बारीक वाट पडते. त्या वाटेवरून कात्री चालवा, काटकोन आपोआप. मध्ये धागा तुटला तर तिथपर्यंत कापायचं आणि पुन्हा टोक पकडायचं.

आता माझी आवडती युक्ती. एक जाड लग्नपत्रिका घ्या. चार इंचांवर रेघ मारा. कापडाची कड त्या पत्रिकेवर दुमडायची, रेघेला भिडवायची आणि तिच्यावरूनच इस्त्री फिरवायची, पत्रिका पुढे सरकवत. टेप नको, पिना नकोत, खडू नको. चार पडद्यांच्या दुमडी अर्ध्या तासात. मग मशीनवर फक्त घडीवरून चालायचं. पत्रिका साधी घ्या, सोनेरी छपाईची नको. मी एकदा घेतली होती आणि पडद्यावर "चि. सौ. कां." उमटलं.

खालची दुमड मात्र आत्ता शिवूच नका. पडदे दोन दिवस टांगून ठेवा, कापड आपल्या वजनाने उतरतं, मग जमिनीपासून बोटभर वर खूण करून शिवा.

भिया_५६

काका, इतक्या उस्तवारीत मी सराफ्याच्या खाऊगल्लीत दोन चकरा मारून आलो असतो. पण सुईचं सांगतो, आमच्या आजीसाठी मी हेच करतो. मोबाईल पुस्तकांच्या ढिगाऱ्याला टेकवून सुईसमोर उभा करा, कॅमेरा झूम करा आणि पडद्यावर बघत ओवा. सुईमागे पांढरा कागद. दोऱ्याचं टोक तिरपं कापा, दाताने तोडू नका. बाकी शुभेच्छा. पडदे लागले की पोह्यांना बोलवा, वर घालायला जिरावन मसाला मी आणतो.

लठ्ठा_मलमल

आमची मुक्कामपोस्टही इंदूरच, पण जुनं इंदूर. वडील हुकुमचंद मिलमध्ये विणाईत होते, १९९१ला मिल बंद पडली तोपर्यंत. कापड हातात आलं की ते आधी दोन्हीकडून ओढून बघायचे. जिकडून देत नाही तो ताणा, म्हणजे उभे धागे; जिकडून थोडं देतं तो बाणा, म्हणजे आडवे. माझाही हात अजून आधी तेच करतो.

साडीवर येते. महेश्वरीत बहुधा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, म्हणून ती अंगावर हलकी राहते आणि धुतल्यावर सुतासारखी वागते. तिचा तो दोन्हीकडून सारखा दिसणारा काठ म्हणजे बुगडी. कौतुकाचीच गोष्ट आहे, कुठल्याही बाजूने नेसा. पण लोकांना वाटतं की मग फॉल कुठेही चालेल. नाही चालत. निऱ्या आणि पदर यांची दिशा ठरलेली असते.

बाहेर जी बाजू हवी ती वर करून साडी जमिनीवर पसरा, पदर तुमच्या उजव्या हाताला. आता तुमच्या पोटाकडे जो काठ आहे तो खालचा, पायांवर येणारा. मग साडी पुस्तकाच्या पानासारखी उलटा, काठ पोटाकडेच ठेवून. पदर डावीकडे जाईल. आता समोर दिसतो आहे त्याच काठावर फॉल, उजव्या टोकापासून. बुगडी असल्यामुळे बाजू तुम्ही निवडू शकता, पण एकदा निवडली की काठ ठरला. पिना लावल्यात म्हणता, तर शिवण्याआधी हे जुळवून बघा. भाचीला एक गुंडाळा देऊन बघितलंत तरी कळेल. शंका असेल तर मी अजूनही तसंच करते.

फॉल रात्रभर पाण्यात ठेवलात का? नसेल तर पिना काढाच. फॉल सुती असतो, पहिल्या धुण्यात आटतो आणि महेश्वरीचा काठ लहान मुलाच्या झबल्यासारखा गोळा करतो. भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. रंगही दिवसाउजेडी बघा. शीतलामाता बाजारात दुकानातल्या दिव्याखाली जुळलेला मोरपंखी मी घरी आणून तीनदा बदलला आहे.

सुरुवात टोकापासून वीतभर सोडून. तेवढा भाग आत खोचला जातो, तिथे फॉल नुसता जाड होतो. अडीच मीटर फॉल पुरतो, निऱ्या आणि पुढचा घेर झाकला की काम झालं. खालची कड काठापासून दोऱ्याएवढी आत ठेवा, बाहेर डोकावली तर चपलेला लागून काळी होते. आधी मधोमध एक पिन, मग दोन्ही टोकांना, मग त्यांच्या मध्ये. एका टोकाकडून लावत गेलं की सगळी ढील दुसऱ्या टोकाला जमते. फॉल साडीपेक्षा किंचित सैल असू द्या, कणभर. ताणून लावलेला फॉल हजार इस्त्र्यांनी सरळ होत नाही.

खालची कड बारीक धावदोऱ्याने. वरची हातशिलाईने, एकेरी दोरा, बारीक सुई, साडीचा फक्त एक धागा उचलायचा आणि फॉलचे दोन-तीन. सुलट बाजूने दिसलं नाही पाहिजे. गाठ फॉलच्या आत लपवा. आणि मांडीवर घेऊन शिवू नका, साडी लोंबते आणि फॉल नाही लोंबत, तिथेच चुका होतात. जमिनीवर बसवत नसेल तर पलंगावर पसरा. मॅडम त्याच पलंगावर असतील तर त्यांना थोडं सरकवा.

बाहीवाली

@लठ्ठा_मलमल, ताई, तो पदर उजव्या हाताचा नियम मी आजच वहीत लिहिला. इतकी वर्षं मी नेसून, पिन लावून, सोडून करत आले.

काका, एक राहिलं. तेल मशीनचंच घाला. घरात दिसलं म्हणून खोबरेल नको, ते चिकटून बसतं आणि थंडीत गोठतं.

घरबसला_शिंपी, इंदूर

बाहीवाली ताई, हे चार दिवस आधी लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. इतकंच म्हणतो. जुन्या टूथब्रशने आणि रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसून काढलं, दात्यांच्या खालून जो कापूस निघाला त्यात एका बाहुलीची उशी झाली असती. मग मशीनचं तेल, आणि चिंधीवर दहा मिनिटं नुसती चालवली, डाग येणं थांबेपर्यंत.

हिशेब देतो. वहीची बावीस पानं शिवली. तेराव्या पानापासून मशीन माझं ऐकायला लागली. पडदे चारही लागले, हरतालिकेच्या आदल्या रात्री. तीन सरळ आहेत. पहिला, न भिजवता शिवलेला, उसवून कड कापून पुन्हा शिवला, लाटा गेल्या, पण धुतला आणि चार बोटं वर गेला. त्याला आम्ही कपाटाआडच्या बाजूला टांगलाय. जोशी परत आले होते. काही विचारलं नाही, याचा मला थोडा रागच आला.

पत्रिकेची युक्ती एक नंबर. आमच्या मुलाच्या लग्नाच्या उरलेल्या ऐंशी पत्रिका माळ्यावर होत्या, त्यांना आठ वर्षांनी काम मिळालं.

साडी: माझ्या पिना चुकीच्याच होत्या. पदर उजवीकडे ठेवून बघितलं तर मी फॉल सुलट बाजूवर लावून बसलो होतो. सगळ्या काढल्या, फॉल भिजवला, चक्क अडीच बोटं आटला. मग पलंगावर पसरून तीन दुपारी लागल्या. हीच तिकडे सरकून बसली आणि डाव्या हाताने काठ धरून देत होती. एक धागा उचलायचा म्हणता तो एक धागा मला भिंगाशिवाय दिसत नव्हता, तर हिने माझं बोट धरून साडीवरून फिरवलं. "इथे, खरखरीत लागतं ना, तो." लागलं. म्हणजे हाताला कळतो तसा, तो हा. तोंडाने सांगण्यासारखं खरंच त्यात काही नव्हतं. भाचीने साडी उलटसुलट करून बघितली आणि मावशीचे आभार मानले. मावशीने ते घेतले.

काल प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी महिनाभर जड काही उचलू नका म्हटलंय, आणि मशीनचं नावही काढू नका. घरी आल्यावर ही आधी देवाजवळ गेली, मग हॉलमध्ये, आणि तिसऱ्या पडद्याची खालची दुमड बारीक झालेल्या त्या हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत गेली. चष्मा लावला नव्हता. मध्यावर थांबली.

"इथे उलटी फिरली होती ना?"

फिरली होती. तीन टाके. मला वाटलं होतं, कोणाला कळणार नाही.

आता दिवाळीच्या आधी सोफ्याच्या सहा उशांना पायपिंग करायचं आहे. उरेब पट्टी तिरपी कापायची एवढं कळलं, पण दोन पट्ट्या जोडल्या की नागासारखं वळण येतं. त्याचं काही

बाहीवाली

काका, त्यासाठी नवीन धागा काढा. हा फार लांबला. आणि फूट वर करून काढा.